बाळ झोपायचं, मला झोप यायची नाही

सव्वा महिना माझ्या अंगाची जेवढी निगा राखली गेली, तेवढी त्याआधी कधीच राखली गेली नव्हती. पहिलं बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे सांगलीला माहेरी. सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या. आधी लेकीला पायांवर घेऊन तेल लावायच्या, टाळू भरायच्या, न्हाऊ घालायच्या. मग माझी पाठ आणि कंबर रगडायच्या. कढत पाण्याची अंघोळ, ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, खाटेखाली शेगडी, कानाला घट्ट रुमाल. जेवायला मेतकूट-भात, शेपूची भाजी, तूप घातलेली भाकरी, चार वाजता अळिवाची खीर. भेटायला येणारी प्रत्येक बाई खाटेच्या कडेला बसून तेच विचारायची: दूध पुरतंय का, टाके ओढतात का, पोट साफ होतं का. मनाचं कुणी विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

ती सगळी निगा मला हवी होती आणि ज्यांनी ती घेतली त्यांची मी आजही ऋणी आहे. पण त्या शेक-शेगडीच्या मधोमध मला एक आजार झाला आणि कित्येक आठवडे तो कुणाला कळला नाही, म्हणून हे लिहिते आहे. प्रसूतीनंतरचं नैराश्य, पोस्टपार्टम डिप्रेशन.

सुरुवातीचं रडू म्हणजे तो आजार नव्हे, हे आधी सांगते, कारण घोळ नेमका तिथेच होतो. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि तेव्हापासून मला कशानेही रडू यायला लागलं. झबलं मोठं झालं म्हणून रडले, बाबांनी सफरचंद कापून आणलं म्हणून रडले. वार पडल्यावर गरोदरपणात चढलेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येतात, त्यात जागरणाची भर पडते. बहुतेक बाळंतिणींचं मन या दिवसांत हळवं होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. माझंही रडू थांबलं. आई म्हणाली, "चला, सावरलीस." पण मी सावरले नव्हते. रडण्याएवढंही काही वाटेनासं झालं होतं.

नैराश्य म्हटलं की केस विस्कटून कोपऱ्यात बसलेली बाई डोळ्यांसमोर येते. मी तशी नव्हते. सगळं वेळेवर करत होते. दर दोन तासांनी अंगावर पाजत होते, ढेकर काढत होते, लंगोट बदलत होते, कधी किती वेळ प्यायली ते वहीत लिहीत होते. फक्त हे सगळं मला दुसऱ्या कुणाचं बाळ सांभाळायला कामावर ठेवल्यासारखं वाटत होतं. बारशाला घर भरलं होतं, पाळणा म्हटला गेला, आत्याबाईंनी लेकीच्या कानात नाव सांगितलं, सगळ्या हसल्या. मी नवी साडी नेसून बसले होते आणि हे संपून सगळे जातील कधी, एवढाच विचार करत होते. कुणी "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणालं. बोलणारीच्या मनात वाईट नसेलही. पण माझी समजूत काढली जाते आहे एवढं मला कळलं, आणि ते वाक्य रात्रभर डोक्यात फिरत राहिलं.

रात्री. खरं सगळं रात्रीच होतं. लेक झोपली की आई म्हणायची, "आता तूही पड गं." मी पडायचे. डोळे मिटले की छातीत धडधडायला लागायचं. ती श्वास घेते आहे ना? उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचं. परत पडायचं. पुन्हा तेच. ती चांगली तीन-तीन तास झोपायची आणि मी ते तीन तास तिच्याकडे बघत बसायचे. लोकांना वाटतं बाळंतिणीला जागरण बाळामुळे होतं. माझं जागरण बाळामुळे नव्हतं. बाळ झोपलेलं असताना, घर शांत असताना, अंग दमून मोडलेलं असतानाही झोप येत नव्हती.

आणि त्याहून भयंकर म्हणजे मनात अचानक येणारी चित्रं. जिना उतरताना ती माझ्या हातून सुटते आहे, हे मला लख्ख दिसायचं. अंगावर काटा यायचा. शेवटी मी तिला घेऊन जिना उतरणंच बंद केलं. हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर लेकीला माझ्यापासून काढून घेतील असं वाटायचं, आणि मग हेही वाटायचं की घेतलं तर तिचं भलंच होईल. माझ्यापेक्षा कुठलीही बाई तिला जास्त चांगलं वाढवेल, हा विचार त्या दिवसांत मला अगदी तर्कशुद्ध वाटत होता. आजाराची ही गोष्ट सगळ्यात फसवी आहे. आपल्याला भ्रम झालाय असं वाटतच नाही, उलट आपल्याला आता खरं दिसायला लागलंय असं वाटतं.

माझ्यात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी ओळखलं माझ्या आत्याने. ती तासगावजवळच्या खेड्यातून दोन दिवस राहायला आली होती. जाताना आईला स्वयंपाकघरात म्हणाली, "वहिनी, पोरीचे डोळे बरे दिसत न्हाईत. बाहेरचं काही असंल तर बघून घ्या." देवरुषाचं नावही तिने सांगितलं. बाबा चिडले. मी मात्र आत्याला कधीच नावं ठेवली नाहीत. एवढ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत तिने बाळाकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघितलं होतं. उपाय तिने तिला माहीत होता तो सांगितला. आईने त्या संध्याकाळी माझी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि तिच्याही मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

सहा आठवड्यांची तपासणी झाली. जिथे प्रसूती झाली होती तिथे टाके पाहिले, वजन घेतलं, तांबीबद्दल बोलणं झालं, लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या. पाच मिनिटांत बाहेर. मी नीट कपडे घालून गेले होते, बाळ गुटगुटीत होतं. कुणाला शंका यावी असं काही नव्हतंच. सरकारी व्यवस्थेत आशाताई प्रसूतीनंतर 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, आईला रक्तस्राव किंवा ताप आहे का, हे त्या पाहतात. दाराशी येणारं इतकं विश्वासाचं माणूस दुसरं कुठलं? त्या भेटींत आईच्या झोपेचा आणि मनाचा एकेक प्रश्न ठरवून विचारला गेला, तर कितीजणी वेळेत सापडतील, असं मला फार वाटतं.

माझं निदान झालं ते लेकीच्या लशीमुळे. पुण्याला परत आल्यावर दहा आठवड्यांचा डोस होता. बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला तपासलं, इंजेक्शन दिलं, ती रडून शांत झाली. मी वही उघडून किती वाजता किती मिनिटं पाजलं ते वाचून दाखवायला लागले. बाईंनी वही हळूच मिटली आणि विचारलं, "बाळ झोपतं तेव्हा तुम्हाला झोप येते का?"

मी नाही म्हणाले. एवढंच. पण तो शब्द उच्चारल्यावर घशाशी जे दाटून आलं ते थांबेना.

त्यांनी मला एक कागद भरायला दिला. एडिंबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी 1987 साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली आज जगभर अनेक भाषांत वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30. हसता येतंय का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, काही चुकलं की विनाकारण स्वतःला दोष देता का, कारण नसताना घाबरायला होतं का. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. बारा-तेराच्या वर गुण गेले की नीट तपासणी हवीच, काही ठिकाणी दहापासूनच लक्ष देतात, आणि दहाव्या प्रश्नाला "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर असेल तर बाकीची बेरीज न बघता त्याच दिवशी बोलायचं असतं. माझे 18 आले. दहाव्यापुढे मी "क्वचित" वर खूण केली होती. बाईंनी कागद बाजूला ठेवून मला त्याबद्दल सरळ विचारलं. असा विचार कधी येतो, काही ठरवलं आहे का, आत्ता या क्षणी कसं वाटतंय. त्यांचा आवाज बदलला नाही, त्या घाबरल्या नाहीत. मला वाटतं माझा बराचसा धीर तिथेच परत आला. त्यांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावलं, माझ्यासमोरच त्याला सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना स्वतः फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, चाळणी आहे. निदान डॉक्टरच करतात. पण चाळणी हातात आली नसती तर मी त्या दिवशीही वही वाचून घरी गेले असते.

मानसोपचारतज्ज्ञांनी बराच वेळ फक्त विचारलं. आवाज ऐकू येतात का, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं का, झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह संचारतो का, आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला मानसिक आजार आहे का. या प्रश्नांमागचं कारण नंतर कळलं. प्रसूतीनंतर हजारात एखाद-दुसऱ्या बाईला सायकोसिस होतो. त्यात भास होतात, वेड्यावाकड्या गोष्टी खऱ्या वाटायला लागतात, आणि तो तातडीने दवाखान्यात दाखल करण्याचा आजार आहे. माझा तो नव्हता. जिन्यावरच्या चित्राबद्दल मी खूप आढेवेढे घेत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हे चित्र दिसल्यावर तुम्ही काय करता?" म्हटलं, तिला घट्ट धरते आणि मागे फिरते. ते म्हणाले, "म्हणजे ते तुमच्या इच्छेच्या विरुद्ध आहे. असे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात, त्या सांगत नाहीत. तुम्ही घाबरता, यातच सगळं आलं."

कितीतरी दिवसांचं ओझं त्या दोन वाक्यांनी उतरलं.

रक्त तपासलं. प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि त्याची लक्षणं याच्याशी मिळतीजुळती असतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची चाचणी; शिवाय हिमोग्लोबिन. थायरॉइड ठीक होता, हिमोग्लोबिन कमी. लोहाचं औषध बदललं. मग सर्ट्रालिन नावाची नैराश्यावरची गोळी सुरू झाली, 25 मिलिग्रॅमपासून, आठवड्याने 50.

आणि घरात वादाला तोंड फुटलं. सासूबाई सोलापूरहून मदतीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, अंगावर पाजतेस आणि असल्या गोळ्या? दुधातून पोरीच्या पोटात जाईल ना." त्यांचा विरोध माझ्याशी नव्हता, नातीची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर तीच भीती मलाही होती. नवऱ्याने वाद घातला नाही. पुढच्या वेळी तो त्यांनाच सोबत घेऊन आला. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं की सर्ट्रालिन आईच्या दुधात उतरतं ते फार थोड्या प्रमाणात, म्हणूनच पाजणाऱ्या आयांसाठी बहुधा आधी हेच औषध निवडतात. बाळ फार सुस्त वाटलं, नीट पीत नसलं तर लगेच कळवायचं. आणि आईचा आजार तसाच ठेवणं बाळासाठीही धोक्याचं असतं. सासूबाईंनी दोन-तीन प्रश्न खोदून विचारले, पटल्यावर म्हणाल्या, "मग रात्रीचं काय करायचं ते आम्हाला सांगा."

रात्रीचं जे ठरलं त्याने माझी अर्धी लढाई सोपी केली. रोज सलग चार-पाच तास झोप, औषधाइतकीच सक्तीची. मी नऊ वाजता पाजून, थोडं दूध पंपाने काढून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचे. मधलं एक पाजणं सासूबाई किंवा नवरा वाटी-चमच्याने करायचे. दोनच्या पुढे मी. पहिले काही दिवस दाराआड पडूनही झोप लागली नाही. पण आपण नसताना कुणीतरी तिच्या शेजारी जागं आहे हे अंगाला हळूहळू पटलं.

गोळीने पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, पोट बिघडलं, तोंड कोरडं पडलं. फायदा काहीच दिसेना. हे आधीच सांगितलं होतं: गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्रास मात्र आधी होतो. हे माहीत नसल्यामुळे कितीजणी आठव्या दिवशी गोळ्या फेकून देत असतील. सोबत समुपदेशन चालू होतं. तिथे माझ्या बालपणाची चिरफाड होईल असं मला वाटलं होतं, प्रत्यक्षात कामं फार साधी मिळाली. रोज ठरलेल्या वेळी सोसायटीच्या आवारात एक फेरी, मनात असो वा नसो. रोज एका माणसाशी बाळाव्यतिरिक्त कशावर तरी बोलायचं. "मी वाईट आई आहे" हा विचार आला की तो कागदावर लिहायचा आणि खाली त्या दिवशी लेकीसाठी काय काय केलं ते लिहायचं. आणि ती वही बंद. मिनिटं मोजायची नाहीत.

पहिला बदल दिसला तो जिभेवर. एका दुपारी मला ठेचा खावासा वाटला. गेले कित्येक आठवडे समोर येईल ते गिळत होते, आणि आता मला काहीतरी "हवं" होतं. सासूबाईंनी बाळाला त्रास होईल का याचा क्षणभर विचार केला आणि चिमूटभर वाढला. मग झोप सुधारली. मग एकदा नवऱ्यावर खूप चिडले आणि लक्षात आलं की चिडण्याइतकं बळ आलंय. मध्येच एक आठवडा पुन्हा सगळं काळं झालं, आता हे कायमचंच असं वाटलं. डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली, ते गेलं. चढउतार होत होतच माणूस वर येतं. लेकीबद्दलचं प्रेम एखाद्या दिवशी आभाळातून उतरून आलं नाही. ते तिला रोज न्हाऊ घालता घालता, तिच्या बोटांची नखं कापता कापता, ती हुंकार द्यायला लागली तेव्हा तिला उत्तर देता देता येत गेलं. ज्या आयांना ते पहिल्या क्षणी वाटतं त्यांना वाटो. उशिरा आलं म्हणून ते कमी पडलेलं नाही.

नवऱ्याबद्दल लिहायलाच हवं. डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीत त्यालाही विचारलं, "तुम्ही किती झोपता?" तो गप्प झाला. दिवसभर ऑफिस, रात्री बाळ, मनात सतत मी. नव्या बापांपैकीही साधारण दहातल्या एकाला नैराश्य येतं, हे आम्हाला तिथे कळलं. त्याचं तिथवर गेलं नव्हतं, पण आठवड्यातून एक संध्याकाळ त्याने मित्रांबरोबर घालवायची हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं गेलं.

बरं वाटायला लागल्यावर मी वाचायला लागले. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी होणं, या गोष्टी त्यात ठळकपणे पुढे आल्या. भारतभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2017 साली आला, त्यातही प्रमाण साधारण 22 टक्के. म्हणजे मला भेटायला आलेल्या बायकांतल्या कितीतरी जणींनी हे भोगलं असणार. आईला फोनवर हे सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या भावाच्या वेळी मी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसायचे. तो आत रडायचा आणि मला उठवायचं नाही. तुझी आजी म्हणायची, वारं लागलंय. वर्षभर तशीच होते गं." तीस वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे पैसे होते, पुणं होतं, 26 आठवड्यांची पगारी रजा होती. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने मिळालेली ही रजा मला कधी नव्हे इतकी मोलाची वाटली, पण ती सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाहीत त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. आणि ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे: 14416. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीन वाजता कुणाला उठवायचं असा प्रश्न पडतो तेव्हा हा नंबर लावता येतो. मात्र जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार जोर धरत असेल, किंवा बाळंतीण असंबद्ध बोलायला लागली असेल, तर फोनवर थांबू नये. तिला एकटं न ठेवता लगेच दवाखान्यात न्यावं.

गोळ्या बरं वाटल्यावरही सहा महिन्यांहून जास्त चालल्या, मग हळूहळू कमी करत बंद झाल्या. पुढच्या बाळंतपणात हे पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून दिवस राहिले तर नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगायचं हे आमचं ठरलं आहे.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीला मुलगा झाला. मी फोन केला तेव्हा दूध, टाके, पोट यांची विचारपूस तिच्याकडे आधीच भरपूर झाली होती. मी विचारलं, "तो झोपला की तुला झोप येते का?" ती म्हणाली, "येते गं ताई, खूप येते. पण मिळते कुठे!" मला हायसं वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा विचारायचं हे तिला सांगून टाकलं, आणि फोन तिच्या नवऱ्याकडे द्यायला सांगून त्याला 14416 लिहून घ्यायला लावलं.